त्या दुपारची भरली वांगी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आयला नाही, बहिणीला नाही. देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हाही ते ओठांवर येऊ दिलं नाही. फक्त एका माणसाला सांगितलं, कारण ते त्याचंच होतं — आणि त्याने ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ दिलं नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित तुमच्याशी बोलता येईल. बघते, जमतंय का.

आधी चांगलं सांगितलं तर चालेल ना? चांगलंही खरंच आहे. आमच्या नात्यागोत्यात माझं नाव घेतात. कुणाची नवी सून तक्रार करायला लागली की सासवा माझं उदाहरण देतात — मंदाकडे बघ, नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणला, आठ महिने माणूस नुसत्या दूध-भातावर होता, त्याला पुन्हा पंगतीत बसवला. हे ऐकताना मी पदर सारखा करते आणि गप्प बसते. लोकांना वाटतं, मोठेपणा मिरवत नाही बाई. मोठेपणा — काय सांगू तुम्हाला.

माझं माहेर राहनाळच्या पुढे, खाडीच्या काठाला. ओहोटी लागली की आमच्याकडे घरात कुणी सापडायचं नाही, सगळे चिखलात. कोळंबी आम्ही विकत घेतलेली नव्हती कधी. पावसाळ्याआधी घरोघरी छपरांवर बारीक कोळंबीचा जवळा आणि सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत पडलेले असायचे, आणि त्या वासाचं आम्हाला काही वाटायचंच नाही. ह्यांचं गाव पडघ्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. भात, नाचणी, आठवड्याच्या बाजाराला कधीतरी मासळी. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी आमचं लग्न झालं, आणि मी भिवंडीत आले — लूमच्या कारखान्यांच्या मागे एक चाळ होती, तिथे दहा बाय बाराच्या खोलीत.

हे लूमचे मिस्त्री. नुसते मिस्त्री नव्हेत. शेडमध्ये चाळीस लूम एकदम धडधडत असताना हे दारात उभे राहून सांगायचे, तिसऱ्या ओळीतल्या अमक्या लूमचा धोटा अडखळतोय. आणि तो खरंच अडखळत असायचा. शेठ लोक दुसऱ्या मोहल्ल्यातून त्यांना बोलवायला यायचे. उंच, हडकुळे, बोलणं कमी. हाताला कायम तेलाचा वास. मला आवडले होते ते — हे आधीच सांगून ठेवते. मी त्यांच्यावर रागावून किंवा सूड म्हणून काही केलं, असं नाही. असं असतं तर सांगणं सोपं गेलं असतं का? कोण जाणे.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो तेव्हा माझा बा स्वतः जाळं घेऊन खाडीत उतरला होता. बोटभर लांबीची कोळंबी आणली. ह्यांनी ती पूर्वीही खाल्ली होती, लहानपणापासून, कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशी हात धुवून उठले आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. आय म्हणाली पित्त आहे. आमसूल भिजवून अंगाला चोळलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. सगळे हसले. हेही हसले.

दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. शेडमधल्या एकाच्या मुलाचं बारसं होतं, कोळंबीचा भात होता. दोन घास खाल्ले आणि ह्यांना श्वास घेता येईना. डॉक्टरने दंडात सुई दिली, तासभर समोर बसवून ठेवलं आणि मग मला आत बोलावून स्वच्छ शब्दांत सांगितलं — कोळंबी, सोडे, जवळा, चिंबोरी, ह्या जातीचं सगळं कायमचं बंद. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. मोठेपणीही सुरू होते. थोडंसं खाल्लं तर थोडं होईल, असं समजू नका.

ऐकलंत ना? मला सांगितलं होतं. माझ्या तोंडावर, माझ्या भाषेत. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पण माहीत असणं आणि पटणं — यात किती अंतर असतं. माझ्या माहेरी ते कुणालाच पटलं नाही. इतकी वर्षं खात होते ना? मग आताच कसं? माझा भाऊ काशिनाथ, जीभ भारी चुरचुरीत त्याची, म्हणायचा, "दाजी भिवंडीला जाऊन साहेब झाले." हे तिकडे जेवायला असले की आय वेगळं वरण करायची, पण ते ताटात वाढताना तिच्या तोंडावर असं काही यायचं, जणू कुणी तिच्या घराला नाव ठेवलंय. आणि हे ते वरण आधी डावाने ढवळून बघायचे. मला लाज वाटायची. नवऱ्याच्या आजाराची लाज — कधी वाटलीय तुम्हाला? धडधाकट माणूस, लूमचा बीम एकट्याने सरकवणारा, आणि बोटाएवढ्या कोळंबीला भितो. मला वाटायचं, थोडं मनाचंही असेल. सवय मोडली की जाईल.

मग वैशाखात बा आमच्याकडे आला. तो असा कधी यायचा नाही. उन्हातून चालत आला होता, हातात कापडी पिशवी. आयने वर्षभराचे सोडे आणि जवळा वाळवून माझा वाटा पाठवला होता. हे नेमके घरी होते. पाया पडले, पाणी दिलं, आणि मग पिशवीचा वास आला तसे दोन पावलं मागे सरले.

"मामा, रागावू नका," हे म्हणाले. "पिशवी बाहेर ठेवा. घरात नको."

काही वाकडं बोलले नाहीत ते. पण बा उठला, पिशवी घेऊन पायरीवर जाऊन बसला, आणि चहा तिथेच प्यायला. परकं माणूस बसतं तसा. मी त्याला एस्टी स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी लागल्यावर त्याने पिशवीत हात घातला, मूठभर जवळा काढला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"तुझ्यापुरता ठेव," म्हणाला. "एकटी असशील तवा खा. आणि आयला सांगू नको, पिशवी परत आणली ते."

ती पुडी मी चार दिवस डब्यांच्या मागे ठेवली. चार दिवस मला बा पायरीवर बसलेला दिसत होता.

आता येते तिथे. येतेच आहे.

पाचव्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी तव्यावर तो जवळा भाजला. चाळीत कुणाकडे तरी रोज बोंबील भाजलेच जायचे, वासाचं कुणी विचारणार नव्हतं. भाजला, पाट्यावर बारीक वाटला, इतका की डोळ्याला दिसू नये. त्या दिवशी मी भरली वांगी करत होते — ती ह्यांची आवडती. शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, लसूण, कांदा, चिंच, गूळ. नेहमीपेक्षा दुप्पट लसूण घातला. आणि त्या मसाल्यात मी ती पूड मिसळली. दोन चिमटी. चुकून नाही. हात धुतले, वांगी चिरली, एकेक भरली.

का? मी उद्या बोलायचं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. उद्या सकाळी चहा देताना म्हणणार होते — काल तुम्ही जवळा खाल्लात, काय झालं सांगा बरं? मग ते ओशाळतील, हसतील, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघं माहेरी जाऊ, आणि बा पुन्हा खाडीत उतरेल. एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या वाक्यापुढे मी काही पाहिलंच नव्हतं.

दुपारी हे जेवायला आले. दोन वांगी खाल्ली, तिसरं मागून घेतलं. आज मसाला फार छान जमलाय, म्हणाले. मी समोर बसून वारा घालत होते. आणि मग त्यांनी मान खाजवली. मग खोकले. ओठ बघता बघता बदलले. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाहिलं — संशयाने नाही. संशयाने पाहिलं असतं तर मला आज थोडं हलकं वाटलं असतं. त्यांनी मदतीसाठी पाहिलं.

"यात... काय हाय?" घोगऱ्या आवाजात विचारलं.

"वांगीच हायत," मी म्हणाले. "दुसरं काय न्हाय."

माणूस माझ्यासमोर गुदमरत होता आणि मी हे म्हणाले.

मग मी ओरडत बाहेर धावले. शेजारच्या कारखान्यातला रामसुमेर नावाचा लूमवाला धावत आला, त्याने आणि आणखी दोघांनी ह्यांना उचलून कापडाच्या ताग्यांच्या हातगाडीवर टाकलं. बाजारातून गाडी पळत होती आणि रामसुमेर ओरडत होता, "हटो, हटो, मिस्त्री की जान जा रही है." मी मागे अनवाणी. डॉक्टरने सुई दिली, मग दुसरी दिली, आणि दुसरीनंतर बऱ्याच वेळाने ह्यांच्या छातीतला तो शिट्टीसारखा आवाज थांबला.

डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं?

तिथे तर सांगायचं ना? डॉक्टरला तरी? मी म्हणाले, वांगी आणि भात. तो विचारात पडला. म्हणाला, काहींना वांगंही चालत नाही. तेही बंद करा.

सासूबाई गावाहून आल्या. चाळीतल्या बायकांनी त्यांना सांगितलं, तुमची सून अनवाणी धावली म्हणून मुलगा हाताला लागला. त्यांनी माझी दृष्ट काढली. मी काढू दिली.

यापुढचं मला जास्त जड जातं. तुम्हाला वाटेल, दुपार संपली, माणूस वाचला, गोष्ट संपली. नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी हे खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "त्या मसाल्यात काय काय होतं, सांग बरं मला." कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. आणि मी सांगितलं. शेंगदाणे. खोबरं. तीळ. लसूण. कांदा. चिंच. गूळ. एक सोडून सगळं सांगितलं. त्यांनी ते एकाखाली एक लिहिलं आणि कागद बराच वेळ बघत बसले.

त्यांनी ते सगळं सोडलं. वांगं एकटंच गुन्हेगार आहे की त्यातलं आणखी काही, हे त्यांना कसं कळणार? मग ज्या तव्यावर खोबरं भाजलं असेल त्यावरची भाकरी सोडली. मग बाहेरचा चहा सोडला, त्या कपात आधी काय होतं कोण जाणे म्हणून. श्रावण संपेपर्यंत ते दूध-भात आणि मीठ एवढ्यावर आले. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं, मग आणखी एक. जेवताना प्रत्येक घासानंतर थांबायचे. बोटं गळ्याशी न्यायची, गिळून बघायचं, मग पुढचा घास. चाळीस लूममधून एकाचा बिघाड ऐकणारा माणूस — आता दिवसभर स्वतःच्याच गळ्याचं ऐकत होता. शेडमध्ये दोनदा चूक झाली त्यांच्याकडून. दुसऱ्या मोहल्ल्यातल्या शेठनी बोलावणं बंद केलं. लग्नाकार्याला जाणं टाकलं. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला मांडवाबाहेर बैलगाडीवर बसून राहिले, वास नको म्हणून.

एकदा मला म्हणाले, "मंदा, माझा माझ्या अंगावर भरवसाच न्हाय राहिला." असं म्हणून हसले.

मी काय केलं? मी सेवा केली. भांडी तीनतीनदा घासली. वेगळा तवा आणला. तांदूळ निवडताना डोळे फुटेपर्यंत निवडले. चाळीतल्या बायका बघायच्या आणि धन्य म्हणायच्या. एक वाक्य बोलले असते तर त्या कागदावरची सात नावं त्यांना त्या दिवशीच परत मिळाली असती. पण ते वाक्य बोलायचं तर आधी दुसरं बोलावं लागत होतं. ते मला माहेरी पाठवतील, बा कुठे तोंड दाखवेल — हा हिशेब मी रोज करत होते, आणि रोज त्यांच्या ताटात दूध ओतत होते. आठ महिने. दिवस मोजा वाटलं तर.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांची खाकी पँट धुवायला काढली. खिशात काहीतरी चिकट लागलं. तिळगूळ. सात-आठ लाडू, एकमेकांना चिकटलेले. शेडमध्ये सगळ्यांनी दिले असणार, ह्यांनी गोड बोलून घेतले असणार, आणि एकेक खिशात टाकला असणार, कुणाला कळू नये म्हणून. मी ते हातात धरून मोरीपाशी बसले. मुलं अभ्यास न केल्याची पाटी लपवतात ना, तसं त्या माणसाने ते लपवलं होतं. माझ्यामुळे.

पुढचा दिवस शुक्रवार. शुक्रवारी लूम बंद. भिवंडीत राहिलेल्यालाच कळेल ते — आठवडाभर भिंती थरथरत असतात आणि शुक्रवारी सकाळी अचानक कुणीतरी खाकरलं तरी ऐकू येतं. मी दार लावून घेतलं. हे खाटेवर बसले होते. मी लाडू एका ताटलीत घालून त्यांच्यासमोर ठेवले आणि उभ्यानेच बोलले.

"त्या वांग्यात जवळा होता."

त्यांना कळलंच नाही. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी हळूच विचारलं, "पडला होता? पाट्याला लागलेला असेल."

बघा — त्यांनी मला वाट करून दिली होती. हो म्हणायचं होतं नुसतं. पाट्याला लागला होता, मला नंतर कळलं, मी घाबरले. सगळं सुटलं असतं. त्यांचं अन्न त्यांना मिळालं असतं आणि मीही सुटले असते. त्या एका क्षणाइतकी मी आयुष्यात कधी घसरायच्या बेतात आले नव्हते. आणि तुम्हाला सांगते, माझ्या आयुष्यात एकच गोष्ट आहे जिचा मला अभिमान आहे, आणि ती पुढचे दोन शब्द आहेत.

"न्हाय. घातला."

मग सगळं सांगितलं. पुडी, तवा, पाटा, दुप्पट लसूण, दुसऱ्या दिवशीचं तयार वाक्य. आणि ते गुदमरत असताना मी काय म्हणाले ते. ते ऐकत होते. शिवी नाही, हात नाही. मग त्यांनी विचारलं,

"मंग शेंगदाणे?"

"शेंगदाण्याने काय झालेलं न्हाय."

"खोबरं?"

"न्हाय."

"तीळ?"

"न्हाय."

सातही विचारली. तीच, त्याच क्रमाने, कागद न बघता. सातव्यानंतर, "आणि वांगं?" — "त्याचंही न्हाय." मग त्यांनी ताटलीतला एक लाडू उचलला. मला वाटलं आता फेकतील. त्यांनी तो खाल्ला. थांबले नाहीत, बोटं गळ्याशी नेली नाहीत, माझ्याकडे बघत कडाकड चावून खाल्ला, आणि दुसरा घेतला. मी आजवर एवढा रागावलेला माणूस पाहिला नाही, आणि एवढा मोकळाही नाही. दोन्ही एकाच तोंडावर. मग चपला घालून निघून गेले.

अकरा दिवस ते माझ्या हातचं जेवले नाहीत. झोपायला यायचे, कपडे बदलायचे, बोलायचे नाहीत. कुठे जेवतात ते मला रामसुमेरने सांगितलं. नळावर पाणी भरताना भेटला, तोंडभर हसत होता.

"भाभी, मिस्त्री को क्या खिला दिया? हमारी खानावल में आते हैं. पहले दिन सीधे चूल्हे के पास जाकर पूछा, इसमें झिंगा है क्या, सूखी मछली का हाथ लगा है क्या. सबके सामने. फिर बैठ के छह रोटी खा गए."

त्या खाणावळीत पन्नास माणसं जेवायची. कपातला चहासुद्धा न पिणारा माणूस तिथे पन्नास जणांत बसून जेवत होता. आणि विचारत होता — मोठ्याने, लाज न वाटता. आजवर त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. आधी ते नुसते नको म्हणून मागे सरायचे. मी बादली तिथेच ठेवून रडले. दुःखाने नाही. एवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि ते माझं नव्हतंच.

बाराव्या दिवशी दुपारी ते घरी आले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. "काय काय हाय यात?" त्यांनी विचारलं. मी एकेक नाव सांगितलं, मिठापर्यंत. ते जेवले. हात धुतल्यावर म्हणाले, "मी मरावं असं तुझ्या मनात नव्हतं, हे मला ठाऊक हाय. पण तू मला आठ महिने माझ्याच अंगाला भ्यायला लावलंस." मी मान हलवली. मग म्हणाले, "हे कुणाला बोलायचं न्हाय. पुडी तुझ्या बापाने दिली होती. त्याला कळलं तर तो त्यातून उठायचा न्हाय." तेवढं बोलले. माफ केलं, असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

महिन्याभरात पट्ट्याची नवीन भोकं रिकामी झाली. शेठ लोक पुन्हा बोलवायला आले.

त्याच उन्हाळ्यात माझ्या भावाचं, काशिनाथचं लग्न होतं. हळदीला सगळं गाव. हे यायचे नाहीत असं मी धरून चालले होते, पण तेच म्हणाले, जायचं. दुपार कलली होती, मांडवामागे तीन चुली पेटल्या होत्या — एकीवर मटण, एकीवर कोळंबीचा रस्सा, एकीवर वडे. हे गेले तडक आचाऱ्यापाशी आणि म्हणाले, कोळंबीतला डाव मटणात घालू नका, मला चालत नाही. आचारी हो म्हणाला. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

काशिनाथ तिथेच होता, नखशिखांत हळदीने पिवळा. त्याने एका वाटीत कोळंबी घेतली आणि मांडवात सगळ्यांसमोर ह्यांच्यापुढे धरली. "दाजी, आज माझी हळद हाय. एक तरी."

"न्हाय खाणार," हे म्हणाले. आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझा मान राखायचा न्हाय म्हणून न्हाय. माझा श्वास बंद होतो म्हणून. मटण पोटभर खाईन, रात्रभर नाचीन. हे न्हाय."

"एकीने काय माणूस मरतो?" काशिनाथ हसत म्हणाला.

मी वड्यांची परात घेऊन उभी होते. परात खाली ठेवली.

"मरतो," मी म्हणाले. "मी बघितलाय."

हसणं थांबलं. काशिनाथचा हात तसाच राहिला. मग बा उठला. म्हातारा माणूस, कमरेत वाकलेला. त्याने काशिनाथच्या हातातून वाटी घेतली, बाजूला ठेवली, आणि मटणाच्या टोपापाशी पाट मांडून बसला. पंगत उठेपर्यंत तो डाव त्याने दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. कुणी जवळ आलं की आधी हात धुवून यायला लावायचा. ह्यांचं दुखणं खरं आहे, हे माझ्या बापाला पटलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा, माझ्या माहेरात कुणाला तरी ते पटलं होतं.

आणि हे पंगतीत बसले. मांडवाबाहेर नाही, कडेला नाही, बरोबर मधोमध, काशिनाथच्या मित्रांच्या रांगेत. पाच वडे खाल्ले. मटणाचा रस्सा तीनदा मागितला. कुणाच्या तरी बोलण्यावर मान मागे टाकून हसले, तेव्हा त्यांचा गळा दिसला मला, आणि त्यावर बोटं नव्हती. काशिनाथ येऊन शेजारी बसला आणि ह्यांच्या गालाला हळद फासून गेला. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गात होती. मी वाढत होते.

चौथ्यांदा रस्सा वाढायला मी वाकले तेव्हा बा टोपापासून मोठ्याने म्हणाला, सगळ्यांदेखत, "पोरी, तू होतीस म्हणून हा माणूस आज पंगतीत हाय."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या भरल्या मांडवात एक शब्द बोलले असते तर — त्यांनी वाटी पुढे केली. मी रस्सा वाढला. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, आय डोळे पुसत होती, आणि मी ते कौतुक घेतलं. सगळंच्या सगळं घेतलं.